कालची कोडी

"अरे इनास, डोकं फिरलं का तुझं? माडाला कोडी घालतोस?"

कुंपणापलीकडून पिदाद आंटी ओरडली, तोवर इनास बार्रेटोच्या हातातलं भांडं अर्धं रिकामं झालं होतं. नारळाच्या रसातली बांगड्याची कोडी, म्हणजे आमटी, माडाच्या बुंध्याशी पसरली होती आणि त्यात एक अख्खा बांगडा होता.

"शिळी आहे, आंटी. काल दुपारची."

"शिळी? कालची कोडी शिळी?" आंटीनं कपाळाला हात लावला. "माझ्यापाशी बोललास ते ठीक. तिंठ्यावर चारचौघांत बोलू नकोस, लोक पाद्रीला बोलावतील."

इनास ओशाळून हसला. एकतीस वर्षं त्यानं बोटीवर खाणं रांधलं होतं. तीस माणसांचं, तिन्ही त्रिकाळ. त्याचा हात तीस माणसांचाच राहिला होता. एकट्यासाठी म्हणून तो चार बांगडे आणायचा, नारळ फोडायचा, आणि दुपारी जेवून उठला की भांड्यात अर्ध्याहून जास्त उरायचं. बोटीवर उरलेलं टाकायचं असतं, हे त्याच्या अंगात मुरलं होतं. त्यामुळे बायको गेल्यापासून दोन वर्षं असोळणे गावातला हा एक माड मासे खाऊन चांगलाच माजला होता.

पण आता परवडेना. बायकोच्या, एस्पेरांसाच्या आजारपणात साठवलेलं सगळं गेलं. बाजारात बांगड्याचा भाव ऐकला की देवाचं नाव तोंडात यायचं. मुलगी जोविता इंग्लंडातून दर रविवारी फोन करायची, पैसे पाठवू का विचारायची, आणि हा दर रविवारी म्हणायचा, "मला काय कमी आहे, बाय?" एकदा असं बोलून बसल्यावर ते निभावणंही आलंच.

"शिकव मग," तो आंटीला म्हणाला.

बोटीचा मुख्य खानसामा आपल्याकडे शिकायला आला म्हटल्यावर आंटी फुललीच. "फ्रीजमध्ये कोंबायची नाही. संध्याकाळी एक कढ द्यायचा, झाकण तिरकं ठेवायचं. सकाळी मातीच्या कुंडल्यात मंद आगीवर ठेवायची नि गप्प बसायचं. सारखा डाव घालशील तर माशाचं पीठ होईल."

"किती वेळ?"

"पाणी आटेपर्यंत. तुला कुठं बोट पकडायचीय?"

पहिल्या दिवशी कोडी करपली. दुसऱ्या दिवशी पातळच राहिली, कारण त्याला धीर नव्हता. तिसऱ्या दिवशी पाववाल्या पदेराच्या सायकलचा भोंगा वाजला तेव्हा कुंडल्याच्या तळाशी लालभडक, दाट, तेल सुटलेली कोडी जमली होती. इनासनं गरम पाव मोडला, बुडवला, तोंडात घातला आणि तिथेच, चुलीपाशी उभा राहिला. अरे देवा! कालच्यापेक्षा आज चांगली लागते, हे काय प्रकरण आहे? आंबट आत शिरलं होतं, तिखट निवलं होतं. त्यानं पावानं कुंडलं असं पुसलं की धुवायची गरज राहिली नाही. "वा," तो मोठ्यानं म्हणाला. मग घरात कोणी नाही हे आठवून त्याला कसंतरीच वाटलं.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदाच मासे यायला लागले. कोडी उरावी म्हणून तो दुपारी हात राखून वाढून घेऊ लागला. पैसे वाचत होते, जीभ खूश होती. फक्त चांगली झाली तरी सांगायचं कोणाला, हा प्रश्न रोज सकाळी यायचा. रोज किती वेळा आंटीला सांगणार?

"एस्पेरांसानं मला ही कधी म्हणजे कधी वाढली नाही," एकदा तो आंटीला अभिमानानं म्हणाला. "दोन महिन्यांच्या सुट्टीवर यायचो, तर रोज ताजा मासा. कधी इसवण, कधी सुंगटं. कायमचा परत आलो तरी तेच. नवऱ्याला उरलेलं घालायचं नाही म्हणजे नाही. इतका जीव होता तिचा."

आंटी शेंगा सोलत होती. ती "हं" म्हणाली आणि सोलत राहिली.

डिसेंबरात जोविता दहा दिवसांसाठी एकटीच आली. इनासनं तीन दिवस घरात बाजार आणून ओतला. लेकीला उरलेलं कसं घालायचं? आपल्या बायकोनं आपल्याला घातलं होतं का? चौथ्या दिवशी पहाट सरल्यावर तो आपलं कुंडलं चुलीवर ठेवून बसला होता, तोच मागून आवाज आला.

"पप्पा, ते काय आहे?"

"काही नाही गं. माझं आहे. तुला ऑम्लेट करतो."

जोवितानं झाकण उचललं आणि किंचाळलीच. "कालची कोडी! आणि तू खातोस? तू?"

"का? मी खाऊ नये?"

"अरे, तुझ्यामुळेच तर आम्ही चोरून खायचो!" ती हसत खाली बसली, पाव मोडायला लागली. "तू सुट्टीवर असलास की मम्मा अंधारात उठवायची आम्हा भावंडांना, मला नि आग्नेलला. तू उठायच्या आत खाऊन, भांडी घासून मोकळं व्हायचं. वर खिडक्या उघडायच्या. पप्पाला वास येता कामा नये! तू पहिल्या सुट्टीत काय म्हणाला होतास, ठाऊक आहे ना?"

"काय?"

"आमच्या बोटीवर हे असलं समुद्रात टाकतात. मम्मानं पहिल्यांदाच करून वाढली होती तुला. खूप रडली म्हणे. तिनं तेव्हाच ठरवलं, पुन्हा पप्पाच्या पुढ्यात नाही. मग तू गेलास की दुसऱ्याच दिवशी मोठं कुंडलं चढायचं, सूर्य वर आला तरी आम्ही खातच असायचो. आग्नेल तर बोटांवर मोजायचा, पप्पा कधी जाणा..."

ती थांबली. पाव हातातच राहिला.

इनास आठवायला लागला. पहिली सुट्टी. नवं लग्न. एस्पेरांसाची निळी साडी आठवली, तिनं दारात लावलेलं झेंडूचं रोप आठवलं. हे वाक्य काही केल्या आठवेना. सहज बोललो असेन, हसत बोललो असेन. आपण बोललो आणि विसरलो, आणि तिनं मात्र ते जन्मभर सांभाळलं.

"शेवटच्या वर्षीसुद्धा?" त्यानं विचारलं. "मी घरीच होतो तेव्हा?"

जोविता हातातल्या पावाचे बारीक तुकडे करायला लागली.

"सांग, बाय."

"फोनवर म्हणाली होती एकदा. तू सकाळी चर्चमध्ये मिसाला गेलास की खाते म्हणून."

मिसाला तो तिच्यासाठीच जायचा. तिला बरं वाटावं म्हणून वर्षभर एक सकाळ चुकवली नव्हती. त्याला वाटायचं, आपण नसताना ती पडून असते. परत येईपर्यंत घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या असायच्या. मोकळी हवा लागते तिला, असं तो डॉक्टरला सांगायचा.  त्यानं चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारलं.

"पप्पा, मी आपलं हसत सांगितलं रे. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"छे, छे." त्यानं कुंडलं उतरवून तिच्यापुढे ठेवलं. "खा. गरम आहे तोवर खा." मग म्हणाला, "कुठं बसायचा तुम्ही?"

"इथंच, जमिनीवर. मम्मा चुलीपाशी. आग्नेल त्या भिंतीला टेकून. मी उंबऱ्यावर, मला पाय सोडून बसायचं असायचं." तिनं हातानं जागा दाखवल्या. तिच्या बोटाबरोबर तो एकेक जागा बघत गेला. स्वयंपाकघर लहानच होतं, जागा लगेच संपल्या.

"मम्माच्या जागेवर बस ना, पप्पा."

"नको. ती तिची आहे."

ताटली घेऊन तो मागच्या दाराजवळ गेला. तिथं पाण्याच्या घागरीशेजारी हातभर जमीन मोकळी होती. भिंतीला हात लावून, गुडघे सांभाळत तो सावकाश खाली बसला.

"पप्पा, तिथं मांजर बसायचं," जोविता म्हणाली. हसावं की नाही, तिला कळेना.

"असू दे," तो म्हणाला आणि त्यानं ताटली पुढे केली. "वाढ."