मास्तरांची थंडी

मास्तरांनी निम्म्या गावाला गाडी चालवायला शिकवलं होतं, पण स्वतःच्या सुनेला नाही. ती लग्नाआधीच शिकून आली होती, आणि तीही त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. सून म्हणून बाकी सगळं पसंत होतं, एवढी एकच गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरली नव्हती.

पुढे घशाचाच कॅन्सर निघाला. रेडिएशननंतर वर्षभर बरं गेलं आणि मग मानेत गाठी आल्या, फुप्फुसांतही ठिपके दिसले. बायको पूर्वीच गेलेली, मुलगा बोटीवर नोकरीला. दवाखान्याच्या फेऱ्या सुनेच्या वाट्याला आल्या. गाडी शिकवणीचीच, दोन्हीकडे ब्रेक असलेली. सून चालवायची आणि शेजारी बसलेले मास्तर जरा काही झालं की त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबायचे. आवाज पार बसलेला, तेव्हा सुनेच्या गाडी चालवण्याबद्दलची सगळी मतं ते पायानेच मांडत. तिला असा राग यायचा की एखाद्या दिवशी त्यांना मागच्या सीटवर बसवावंसं वाटे.

ऑपरेशन करण्यासारखं राहिलं नाही, हे डॉक्टरबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. आता केमोथेरपी आणि इम्युनोथेरपी एकत्र द्यायची. केमो गाठींवर थेट मारा करते. दुसरं औषध शरीराच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशींना जागं करतं, कारण कॅन्सर त्यांना गुंगारा देऊन बसलेला असतो. दोन्ही मिळून बऱ्याच जणांच्या गाठी आक्रसतात, सगळ्यांच्या नाही, असंही त्या म्हणाल्या.

मास्तरांनी घोगऱ्या आवाजात उत्तर दिलं, "सध्या लर्निंग लायसन्स द्या. पक्कं नंतर बघू."

उपचार सोपे नव्हते. तोंडात फोड आले, केस गेले. सून सगळं मऊ शिजवून, कोमट करून ताटलीत वाढायची आणि मास्तर मान खाली घालून ते संपवायचे. चव कशी आहे हे तिने विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पण कुरकुर, खाणाखुणा, ब्रेक मारणं हे सगळं शाबूत होतं, त्यामुळे तिला धीर होता.

मग मास्तरांना थंडी वाजायला लागली. भर उन्हाळ्यात पंखा बंद करून ते घोंगडी पांघरून बसायचे. दिवसभर झोप, चेहरा सुजलेला, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर यायला अर्धं मिनिट. गळ्याला मफलर, त्यामुळे गाठी कमी झाल्यात की वाढल्यात तेही कळेना. सुनेने नवऱ्याला फोनवर सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं आणि नंतर बराच वेळ मोरीत नळ सोडून उभी राहिली.

पुढच्या डोससाठी निघाले, तेव्हा चौकात एक बस अचानक आडवी आली. सुनेने करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबल्यावर तिने शेजारी पाहिलं. मास्तर समोर बघत होते, पाय जागच्या जागी. बाबांनी आता हार मानली, आजाराने त्यांना आतून खाल्लं, असंच तिला वाटलं.

हॉस्पिटलमध्ये सिस्टर सुई लावायला आल्या तेव्हा हे सांगावं की नाही, तिला कळेना. शेवटी ती हळूच म्हणाली, "सिस्टर, बाबा हल्ली माझ्यावर ब्रेक मारत नाहीत."

सिस्टरना आधी हसू आलं. मग सुनेचा चेहरा पाहून त्यांनी नीट चौकशी केली, घोंगडीचं ऐकलं आणि डॉक्टरबाईंना बोलावून आणलं. रक्त तपासायला गेलं. संध्याकाळच्या आत उत्तर आलं: थायरॉइड मंदावलं होतं.

"जाग्या झालेल्या पेशी कधीकधी आपल्याच माणसांवर घसरतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इम्युनोथेरपीत हे होतं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, बहुतेक कायमची. उपचार थांबवायचं कारण नाही."

"म्हणजे आजार वाढला नाही?"

"ते स्कॅन सांगेल. पण ही मरगळ आजाराची नाही."

सुनेला तेवढंही पुष्कळ झालं. गोळी सुरू झाली, हळूहळू पंखा फिरू लागला, घोंगडी कपाटात गेली. एका दुपारी मास्तरांनी तिच्या पार्किंगला नाक मुरडलं आणि ती मनापासून खूश झाली.

स्कॅनच्या निकालाला डॉक्टरबाईंनी जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी लावलं. मानेतल्या गाठी निम्म्याहून लहान झाल्या होत्या. फुप्फुसातले काही ठिपके दिसतच नव्हते. आजार गेलेला नाही, पण आटोक्यात आलाय, असं त्या म्हणाल्या. केमो आता बंद, इम्युनोथेरपी चालू ठेवायची.

सुनेने समंजसपणे मान हलवली, आभार मानले, फाईल उचलली आणि बाहेरच्या बाकावर बसून ढसाढसा रडली. इतके महिने आवरून धरलेलं सगळं बाहेर आलं. मास्तर गोंधळले. तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं, मग कोपऱ्यातल्या मशीनमधून चहाचे दोन कप आणून एक तिच्या हातात दिला.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. सुनेला बोलताच येईना, म्हणून मास्तरांनी तो घेतला.

"निम्म्याहून कमी झालंय," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आता तू रडू नकोस. ते काम इकडे तुझी बायको करतेय."

फोन तिच्या हातात देऊन ते बाकावर टेकले आणि निवांतपणे चहावर फुंकर घालू लागले.