चंद्रभागाबाई सोबत बसतात

“मॅडम, मी तक्रार मागं घेते,” निकिता म्हणाली.

चंद्रभागाबाईंनी थर्मासमधला चहा कपात ओतून तिच्यापुढे सरकवला. “घे. पण आधी चहा घे.”

“तुम्ही चिडल्या नाहीत?”

“तक्रार तुझी आहे. ठेवायची की मागं घ्यायची, ते तूच ठरवायचं. मी सोबत आहे, एवढंच.”

चौकशी समितीची बैठक तासाभरावर आली होती. निकिताने कप उचलला आणि न पिताच परत ठेवला.

चंद्रभागा गांगुर्डे नाशिकच्या एका विद्यापीठाच्या तक्रार साहाय्य कक्षात कारकून होत्या. नोकरीची बरीच वर्षं परीक्षा विभागात गेली आणि मग एका साहेबाशी वाजलं म्हणून त्यांना जिन्याखालच्या या खोलीत पाठवलं. जुन्या सहकाऱ्यांनी तेव्हा त्यांच्यासाठी हळहळ व्यक्त केली होती. कुणाला जातीवरून टोमणे ऐकावे लागले, कुणाच्या अंगाला कुणी नको तसा हात लावला, की तो विद्यार्थी किंवा कर्मचारी या खोलीत यायचा. चौकशी आणि निकाल समितीकडे. बाईंचं काम म्हणजे तक्रारदाराला पुढे काय होणार ते समजावणं आणि त्याच्या सोबत जाणं. यातल्या ‘सोबत’ या शब्दाचा बाईंनी भलताच मोठा अर्थ लावून घेतला होता. मग त्यात वसतिगृहाची खोली बदलून घेणं आलं, दवाखाना आला, परीक्षेच्या सकाळी फोन करून उठवणंही आलं. त्यांचे यजमान निवृत्तीराव संध्याकाळी विचारायचे, “आज कोण रडलं?” बाई म्हणायच्या, “रडतात तर सगळेच. हसेपर्यंत बसून राहावं लागतं.”

निकिता अहिरे सटाण्याकडची. पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला होती. विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रावर निवेदकांची निवड होती, तिथे ती मोठ्या हौसेनं गेली. बोलताना ‘आहे’ऐवजी अहिराणीतला ‘शे’ तोंडून निसटला. केंद्राचे प्रमुख असलेले प्राध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले, “राखीव जागेवर प्रवेश मिळतो, माईक मिळत नाही. तुम्हा लोकांना आधी बोलायला शिकवायला हवं.” जमलेली मुलं हसली. त्या दिवसापासून निकिताने वर्गात तोंड उघडलं नव्हतं.

“घरी कुणीतरी फोन केला,” ती आता सांगू लागली. “पप्पांना म्हणाले, मुलीला समजवा, नाव खराब होईल. पप्पा पहाटेच्या एसटीने निघालेत. ते मला घरी घेऊन जातील.”

तेवढ्यात दारात ते उभेच. गोरक्ष अहिरे, सटाण्याच्या एका शाळेत शिपाई. हातात डाळिंबांची पिशवी. ती कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. बाईंनी उठून खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, “दादा, तुम्हाला फोनवर काय सांगितलं ते बाजूला ठेवा. आधी मुलीचं ऐका.”

गोरक्ष मुलीसमोर बसले. “काय व्हयनं, बेटा? माले खरं खरं सांग.”

निकिताने सांगितलं. आधी खाली मान घालून, मग हळूहळू वर बघत, सगळं अहिराणीत. बाईंना त्यातलं निम्मंच कळलं. पण इतके दिवस अडखळणारी ही मुलगी आपल्या बोलीत घडाघडा बोलते आहे, हे मात्र त्यांच्या चांगलंच ध्यानात आलं.

गोरक्षांनी डाळिंबांची पिशवी खाली ठेवली. निकिताने डोळे मिटून घेतले होते. मग ते एवढंच म्हणाले, “मंग मांगे कसाले घेस?”

निकिताने डोळे उघडले. बाईंनी विचारलं, “काय म्हणाले?”

“म्हणतात, मग मागं कशाला घेतेस.” आणि ती हसली. रडता रडता हसली, आणि गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला.

बाई तडक समितीच्या अध्यक्षांकडे गेल्या. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होत्या. “मॅडम, मुलीला तिच्या बोलीत सांगू द्या. वडील बाहेर थांबतील, मी तिच्याजवळ बसेन.”

“आम्हाला कळेल का?”

“अडेल तिथे विचारू. पण आधी तिला बोलू तर द्या.”

अध्यक्षांनी मान डोलावली. तिथेच बसलेले समितीतले मालेगावचे एक प्राध्यापक म्हणाले, “मला अहिराणी येते. कुठे अडलं तर मी सांगतो.”

निकिता बोलली. समोर केंद्रप्रमुख बसले होते. त्यांच्याकडे बघताना एकदा तिचा आवाज चिरकला. बाईंनी टेबलाखाली तिचा हात धरला. ती म्हणाली, “मी अडाणी नई शे. मन्ही बोली येगळी शे.”

याचा अर्थ कुणालाच विचारावा लागला नाही.

केंद्रप्रमुखांनी सगळं साफ नाकारलं. आपण फक्त उच्चार सुधारायला सांगितले, असं त्यांचं म्हणणं. साक्षीदार म्हणून बोलावलेल्या मुलांपैकी कुणी आलं नव्हतं. बाई दाराकडे बघू लागल्या. तेवढ्यात दारावरच्या शिपायाने आत येऊन सांगितलं, बाहेर पायल नावाची मुलगी आली आहे.

पायल म्हणजे त्या दिवशी निवडली गेलेली निवेदक. बाईंनी तिला दोनदा फोन केला होता, तिने उचललाच नव्हता. ती आत आली, निकिताकडे न बघता उभी राहिली आणि सरांचं ते वाक्य तिने शब्दाला शब्द सांगितलं. शेवटी म्हणाली, “मी पण हसले होते. मला तेव्हा माईक हवा होता.”

बाहेर पडल्यावर दोघी मुली व्हरांड्यात एकमेकींसमोर अवघडून उभ्या राहिल्या. बाईंनी मध्ये पडून काही जुळवाजुळव केली नाही. गोरक्षांनीच पिशवीतून एक डाळिंब काढून पायलच्या हातात दिलं. “घे पोरी. सकायचं काही खाल्लेलं दिसत नाय तू.”

निकाल यायला पावसाळा उजाडला. केंद्रप्रमुखांना रेडिओवरून हटवलं, शिक्षा झाली, आणि त्यांना भर विभागात माफी मागावी लागली. नव्या प्रमुखांनी निकिताची पुन्हा निवड चाचणी घेतली आणि तिला दर शनिवारचा अहिराणी कार्यक्रम दिला. निकिताने पायलला विचारलं, तांत्रिक बाजू सांभाळशील का. पायल लगेच हो म्हणाली.

पहिल्या शनिवारी गोरक्ष पुन्हा नाशिकला आले, कारण ते केंद्र सटाण्यात लागत नव्हतं. जिन्याखालच्या खोलीत बाईंनी रेडिओ लावला. सटाणा-मालेगावकडच्या कसमादे पट्ट्यातला एक सुरक्षारक्षक दारात येऊन थांबला, बागेत काम करणाऱ्या दोन बायका आल्या, मग आणखी कुणीकुणी आलं. खुर्च्या पुरेनात.

निकिता मोकळी बोलत होती. बाजारातल्या कुठल्याशा म्हातारीचा किस्सा सांगत होती. मध्येच काहीतरी म्हणाली आणि खोलीतली सगळी माणसं एकदम खळखळून हसली. बाईही हसल्या.

मग त्या गोरक्षांकडे वाकून हळूच म्हणाल्या, “दादा, काय म्हणाली ती?”

गोरक्ष शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते. त्यांनी रेडिओवरची नजर काढली नाही.

“मागून सांगतो, मॅडम,” ते म्हणाले. “आत्ता ऐकू द्या.”