भाव पाहण्याचे काम

सुलक्षणाने दार अर्धवट उघडून पायरीवरच्या दुधाच्या बाटल्या आत घेतल्या. रात्रीच्या थंडीने दूध गोठून फुगले होते आणि बाटल्यांची चंदेरी झाकणे वर उचलली गेली होती. एका झाकणाला पक्ष्याने चोच मारून भोक पाडले होते. ती बाटली तिने चहासाठी वेगळी ठेवली. आधण चढवले, आले ठेचले, रश्मीच्या शाळेचा स्कर्ट रेडिएटरवरून उचलून त्याची घडी केली, पुन्हा उलगडून ओला आहे का ते पाहिले. टोस्ट ग्रिलखालून काढून प्लेटमध्ये टाकले. एवढ्या वेळात ती एकदाही खुर्चीवर टेकली नाही.

"आज मी सोडतो तुला," पद्माकर वर्तमानपत्रामागून म्हणाला. "वीकएंड ऑफ आहे. बसनं कशाला कुडकुडत जातेस?"

चहा गाळता गाळता तिचा हात थबकला.

"नको. मला चार ठिकाणी जायचंय. तुम्ही कंटाळाल."

"चार ठिकाणी." त्याने पेपर खाली केला. "साखर एकीकडे, चहा दुसरीकडे, लोणी तिसरीकडे. पेट्रोल धरलं तर दर शनिवारी आपण तोट्यात असू, डॉक्टरीणबाई."

"आई बसनी जाते, बाबा," रश्मी टोस्टला मार्मालेड लावत म्हणाली. "बसला आईचा पेट्रोल नाही लागत."

"आईचं पेट्रोल."

"आईचं," रश्मीने निर्विकारपणे दुरुस्ती केली. मग आईकडे एकवार पाहून तिने मान पुस्तकात घातली.

सुलक्षणाने कप पद्माकरसमोर ठेवला. नको म्हणायला आणखी एखादे कारण हवे होते. ते तिला सुचेना.

पद्माकर हॉस्पिटलच्या शल्यविभागात रजिस्ट्रार, म्हणजे मधल्या पायरीचा डॉक्टर होता. सहा महिन्यांच्या, वर्षाच्या नेमणुका घेत ते दोघे इंग्लंडात संडरलँड, बार्न्सली, स्टोक असे गावोगाव फिरले होते. इथे नॉटिंगहॅममध्ये त्यातल्या त्यात बरेच दिवस निघाले. आता एक फेब्रुवारीपासून दूर वेल्समधले कार्डिफ. तिथून सीनियर पद मिळेल असे त्याला वाटत होते. तसे त्याला प्रत्येक गावी वाटले होते, आणि प्रत्येक गावी मुलाखतीनंतर तो घरी येऊन बूट न काढता बराच वेळ सोफ्यावर बसून राहिला होता. रश्मीची ही चौथी शाळा. इथे तिने नव्या शालान्त परीक्षेचे विषय निवडले होते, आणि कार्डिफचे नाव निघाले की ती खोलीतून उठून जात असे.

त्याला ठाऊक नव्हते ते एवढेच, की मागल्या वसंतापासून सुलक्षणा हॅलम्स या दुकानांच्या साखळीसाठी काम करीत होती. इतर साखळ्यांच्या दुकानांत जायचे, ठरवून दिलेल्या वस्तूंचे भाव पाहायचे आणि कळवायचे. आठवड्यातून दोन सकाळी. शेजारच्या डोरीनने तिला हे काम मिळवून दिले होते. आणि गेल्या बुधवारी तिथल्या मिस्टर व्हिटलॉकनी विचारले होते, की जवळच्याच डर्बीच्या कचेरीत भावांच्याच विभागात कायमची नोकरी आहे, घ्याल का? सोमवारपर्यंत सांगा. तेव्हापासून तिला कुठेच स्वस्थ बसवत नव्हते. जिन्यावर चढून गेली की वर कशाला आलो ते आठवत नसे.

*

लेंटनजवळच्या त्या मोठ्या दुकानाच्या आवारात पद्माकरने गाडी लावली.

"तुम्ही बसा गाडीत. मी आलेच."

"या थंडीत? चल, येतो आत."

दुकानात काही लिहायचे नाही, हा या कामातला पहिला नियम. कागद-पेन्सिल दिसली की लगेच कुणीतरी हटकते. सगळे डोक्यात ठेवायचे आणि बाहेर आल्यावर उतरवायचे. सुलक्षणाला ते जड गेले नव्हते. सांगलीला लहानपणी वडील दिवेलागणीला पावकी, निमकी, दिडकी म्हणून घेत. अडखळले की पहिल्यापासून. त्याच चालीवर ती आता भाव बसवीत असे. लोणी बावन्न, चहा सत्तेचाळीस, साखर अठ्ठेचाळीस, असे एकाला एक जोडत नेले की घोळक्यातून चालतानाही साखळी तुटत नसे. मात्र मध्ये कुणी बोलता कामा नये.

"कार्डिफचं क्वार्टर तळमजल्यावर आहे म्हणे," पद्माकर ट्रॉली ढकलत म्हणाला. "तिथे काम केलेला मोहन सांगत होता, ओल आहे जरा. पण हॉस्पिटल चालत दहा मिनिटं."

"हं." बीन्स चोवीस. ट्यूना एकोणपन्नास.

"घरमालकाला नोटीस दिली आहे मी. एकतीसला किल्ल्या द्यायच्या."

तिच्या हातातला डबा तसाच राहिला. ट्यूना एकोणपन्नास. त्याच्या आधी काय होते?

"ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

ती मागे वळून पुन्हा बीन्सच्या फळीपाशी गेली. चोवीस. डबा उचलला, वजन पाहिले, ठेवला. पद्माकर ट्रॉली घेऊन वाट पाहत राहिला. ट्रॉलीत फक्त एक पाव होता.

"यांतलं काही घ्यायचं आहे का आपल्याला?"

"बघते ना."

"गेला अर्धा तास बघतेच आहेस. आशाकडे परवा जेवायला गेलो तेव्हा काय हसत होते सगळे. मुरंबा पाच पेन्सांनी स्वस्त म्हणून ही बाई नदी ओलांडून जाते, म्हणे."

"हसू देत."

लोणी बावन्न, चहा सत्तेचाळीस... पुढचा आकडा कार्डिफच्या ओलीत कुठेतरी बुडाला. तिने डोळे क्षणभर मिटले. उघडले तेव्हा टाय लावलेला एक तरुण समोर उभा होता. त्याच्या छातीवर व्यवस्थापक अशी पट्टी होती.

"माफ करा, मॅडम. सलग काही शनिवार मी तुम्हाला पाहतोय. तुम्ही सगळं उचलता आणि परत ठेवता. काही अडचण आहे का?"

तो सभ्यपणे बोलत होता. पण त्याची नजर तिच्या कोटाच्या खिशांकडे गेली, आणि ती गेलेली पद्माकरने पाहिली.

"तुम्हाला म्हणायचंय काय?" पद्माकर पुढे झाला. इंग्रजी बोलताना त्याचा आवाज नेहमीच थोडा वर चढत असे. "मी इथल्या हॉस्पिटलात सर्जन आहे. ही माझी पत्नी."

"तसं काही नाही, डॉक्टर. मी फक्त विचारलं."

शेजारची एक म्हातारी बाई अंड्यांचे खोके हातात धरून थांबली होती. पद्माकरने तिच्याकडे पाहिले आणि त्याचा आवाज एकदम उतरला. तो हसला. हे हसू सुलक्षणाच्या ओळखीचे होते. मुलाखतींना जाताना आरशासमोर टाय बांधून झाला की तो तसे हसून पाहत असे.

"आमच्याकडच्या बायकांची सवय आहे ही," तो म्हणाला. "बाजारात प्रत्येक गोष्ट हातात घेऊन बघायची, चार दुकानं फिरायची. तिला इथली पद्धत अजून नीटशी कळत नाही. तुम्ही गैरसमज करून घेऊ नका."

व्यवस्थापकाचा चेहरा निवळला. "अर्थातच, डॉक्टर. माझी आजीसुद्धा अशीच होती."

प्रकरण मिटले होते. आता फक्त मान हलवायची आणि पाव घेऊन टिलवर पैसे द्यायला चालू लागायचे. पुढच्या शनिवारी ती पुन्हा येऊ शकली असती. कुणी हटकले नसते. याहून चांगला आडोसा तिला शोधूनही सापडला नसता. तिने हातातला डबा फळीवर ठेवला, त्याचे लेबल समोर येईल असा फिरवला.

"मला पद्धत माहीत आहे," ती व्यवस्थापकाला म्हणाली. "मी हॅलम्सकडे काम करते. भाव पाहायला येते."

व्यवस्थापक अगदी मनापासून हसला.

"असं. तर मग तुम्हाला बाहेर जायला सांगणं भाग आहे मला."

"हो. मी निघतेच."

"सगळे भाव डोक्यात ठेवता? आमचा माणूस तुमच्याकडे येतो तो हाताच्या तळव्यावर लिहितो."

"माहीत आहे आम्हाला," सुलक्षणा म्हणाली. "आम्ही त्याला ओळखतो."

पद्माकरने ट्रॉली तिथेच सोडली.

*

गाडीत बसल्यावर तो काही बोलायला गेला, तेव्हा तिने हात वर केला.

"थांबा. आधी लिहू दे मला."

पर्समधला छापील कागद गुडघ्यावर घेऊन ती लिहू लागली. पद्माकरने इंजिन चालू केले आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून तो समोर पाहत राहिला. श्वासांनी काचा धुरकटत गेल्या. ओठांतल्या ओठांत ती काहीतरी म्हणत होती आणि म्हणता म्हणता लिहीत होती. दोन जागा रिकाम्या राहिल्या. त्यांवर तिने रेघ मारली आणि कागद मिटला.

"बोला आता."

"कधीपासून?"

"मागच्या मार्चपासून."

"रश्मीला माहीत आहे?"

"आहे."

त्याने बाहीने समोरची काच पुसली. पुसल्याजागी लगेच पुन्हा वाफ धरली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. बार्न्सलीला. दुकानात जागा आहे, जाऊ का म्हणून विचारलं होतं."

"ते टिलवर बसायचं होतं, सुलक्षणा. आपल्या वॉर्डातली माणसं, नर्सेस, सगळी त्या दुकानात यायची." तो थांबला. "मी काय म्हणालो होतो?"

"काही नाही म्हणालात. हसलात, आणि जेवायला वाढ म्हणालात."

एक बाई भरलेली ट्रॉली त्यांच्या गाडीजवळून खडखडत घेऊन गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत पद्माकर तिच्याकडे पाहत होता.

"आत मी जे बोललो," तो म्हणाला, "ते तुला वाचवायला बोललो."

"मला कळलं ते."

"मग? गप्प बसायचंस."

"गप्प बसले असते, तर ते खरं ठरलं असतं." ती कागदाची घडी पुन्हा पुन्हा बोटांनी दाबत होती. "डर्बीला कायमची जागा देतायत मला. सोमवारपर्यंत कळवायचंय."

"आणि कार्डिफ?"

तिने कागद पर्समध्ये ठेवला आणि पर्स बंद केली. स्वतःशीच बोलावे तसा तो म्हणाला, "कार्डिफचा प्रोफेसर चांगला आहे म्हणतात. वर्षभरात होईल काहीतरी." मग त्याने गाडी मागे घेतली. उरलेली दुकाने कुठली ते त्याने विचारले आणि एकेका ठिकाणी तिला नेले. ती आत गेली की तो बाहेर गाडीतच बसून राहिला.

*

सोमवारी पद्माकर ऑपरेशन थिएटरला आणि रश्मी शाळेत गेल्यावर सुलक्षणा जिन्याखालच्या फोनपाशी उभी राहिली. आधी भांडी घासून आली. मग डायनिंग टेबल पुसून आली. मग खुर्ची ओढून तिथेच बसली आणि मिस्टर व्हिटलॉकना हो म्हणून सांगितले. दुसरा फोन घरमालकाला केला. डॉक्टर एकटे जाताहेत, घर आम्हा दोघींना हवे आहे, भाडे माझ्या नावाने लावा, असे ती म्हणाली. डॉक्टरांशी बोलू का, असे त्याने विचारले. जरूर बोला, ती म्हणाली. पण माझेही नाव लिहून घ्या.

फोन ठेवल्यावर तिने खुर्ची पुन्हा टेबलाशी नेऊन ठेवली.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी पद्माकर ऑन-कॉल संपवून दुपारी घरी आला तेव्हा स्वयंपाकघराच्या फरशीवर एक खोके उघडे होते. त्यात छोटा कुकर होता, तवा होता, एक ताट, दोन वाट्या आणि एक पेला होता. गोड्या मसाल्याची बरणी वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. कढवून गाळलेल्या तुपाची बाटली पोह्यांच्या पिशवीला टेकून उभी होती. बाकीची सगळी भांडी फळीवर जागच्या जागी होती. मोठा कुकर गॅसवर चढलेला होता. वर रश्मीच्या खोलीत रेडिओ चालू होता.

कोट न काढता तो खोक्यापाशी उभा राहिला. फळीकडे पाहिले, पुन्हा खोक्याकडे पाहिले. सुलक्षणा ओट्याशी कांदा चिरत होती. तिने चिरणे थांबवले नाही. पण सुरीचा वेग कमी झाला.

"घरमालकाचा फोन आला होता मला," तो म्हणाला. "वॉर्डवर. मंगळवारीच."

"काय म्हणालात?"

"म्हटलं, बरोबर आहे."

मग तो उकिडवा बसला. छोटा कुकर बाहेर काढून त्याने झाकण उघडले, आतली रबराची रिंग बोटाने चाचपली, झाकण दोन-तीनदा लावून पाहिले. एकदा तिरपे बसले, मग नीट बसले.

"भाताला किती शिट्ट्या?" त्याने विचारले.

"तीन. आणि लगेच उघडायचा नाही."

त्याने मान हलवली. कुकर परत खोक्यात ठेवला, बरणीला धक्का लागणार नाही असा सरकवला, आणि चिकटपट्टीचे टोक शोधू लागला.