लस उपाशीपोटी
म्हाताऱ्याचा सगळा जीव माशांत. घरातलं कुणी उपाशी राहिलं तर म्हणायचा, चालतं, पोट हलकं होतं. पण तळ्यावर खाद्याला अर्धा तास उशीर झाला की याच्याच पोटात कावळे ओरडायचे. मुलगा वारल्यापासून तळं सून सांभाळत होती, आणि ती नियमाची पक्की. यंदा तिने माशांसाठी लस आणली. सुई नाही, टोचणं नाही. तेलात कालवून खाद्याच्या गोळ्यांना चोळायची, सावलीत वाळवायची आणि पाच दिवस सकाळी तळ्यात टाकायची. अट एकच.

"मासे भुकेले हवेत, बाबा. मी येईपर्यंत काही घालू नका. पोट भरलेलं असलं तर ते या खाद्याला तोंड लावणार नाहीत."

"मुक्या जिवांचे हाल नुसते," तो पुटपुटला, पण मान डोलावली.

पाचही दिवस ती उठायच्या आत तो काठावर हजर. त्याला बघून मासे तोंडं वर काढायचे. एकच मूठ, एकच मूठ, असं करत त्याने रोज अर्धी बादली रिकामी केली. मग सून यायची, लसीच्या गोळ्या टाकायची आणि त्या तशाच तरंगत राहायच्या.

"वास आवडत नसेल," ती म्हणायची. हा रिकामी बादली विसळायला घ्यायचा.

महिन्याभरात रोग आला. माशांची पोटं फुगली, डोळे बाहेर आले, ते जागच्या जागी गरगर फिरू लागले. माशांच्या डॉक्टरीणबाईंनी एक मासा चिरून पाहिला.

"लस दिली तेव्हा भुकेले होते ना?"

"होते की. बाबांनी स्वतः राखण केली."

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. बोलायचं तर आत्ताच, हे त्याला कळत होतं.

"हो," तो म्हणाला, आणि शरमेने मेल्याहून मेल्यासारखा झाला.

चार दिवसांत तळं संपलं. सून कंबरभर पाण्यात उतरून जाळीने मेलेले मासे ओढत होती, तो ते खड्ड्यात टाकत होता. दुपारी ती वर आली आणि स्वतःच्या हातांकडे बघत बसली.

"तेल गरम राहून गोळ्यांना वास लागला असेल माझ्याकडून, म्हणून त्यांनी खाल्ल्या नाहीत. हे असताना एकदाही असं झालं नव्हतं. माझ्या हाताला गुणच नाही, बाबा. पुढच्या खेपेला लस तुम्हीच कालवा."

म्हाताऱ्याने फावडं उचललं.

"बरं," तो म्हणाला.