विल्मारच्या बुटातली गादी

आमच्या सोगामोसो गावात लांब पळायचं कसं हे शिकवायला रुबिएला चापार्रो एकटी पुरते. शाळेत कवायत शिकवायची; निवृत्त झाली, पण गळ्यातली शिट्टी निवृत्त झाली नाही. आमच्या मंडळाचं नाव 'कासवं'. सभासद व्हायला दोनच अटी. वय साठीच्या पुढे हवं, आणि पळताना गुडघ्यांचा विषय काढायचा नाही. दुसरी अट फार जाचक आहे. पहिली आम्ही एकदाच मोडली, विल्मारसाठी.

विल्मार म्हणजे अन्सेल्मो सियाचोके आणि कुस्तोदिया यांचा मुलगा, माझा धर्मपुत्र. बाप्तिस्म्याला त्याला मीच हातात धरलं होतं, आणि त्याने माझ्या नव्या कोटावर आपलं मत तिथल्या तिथे नोंदवलं होतं. तेव्हापासून अन्सेल्मो आणि मी एकमेकांचे 'कोंपाद्रे', बाप्तिस्म्याने जोडलेले भाऊ. दर रविवारी आम्ही म्हातारे फिराविटोबाच्या रस्त्याने धापा टाकत इसा गावापर्यंत जायचो आणि चौकातल्या गोडाच्या गाड्यांवर कोसळायचो. विल्मार तेवढ्या वेळात इसाला पोचून, परत फिरून, आम्हाला वाटेत भेटून, टोमणा मारून पुन्हा इसाला पोचलेला असायचा.

"काय काका, आज सूर्यास्ताच्या आत?"

"तुझ्या वयाचा असताना मी..."

"माझ्या वयाचे असताना तुम्ही बसने जायचात. आई सांगते."

जूनमधल्या आमच्या गावच्या हाफ मॅरेथॉनला त्याने डिसेंबरातच नाव घातलं. जानेवारीत तो गेला. कसा, हे कुणी विचारलं तर अन्सेल्मो तीनच शब्द सांगायचा. "दुइतामाचा रस्ता, ट्रक."

आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी अन्सेल्मो कासवांच्या थांब्यावर उभा. तोपर्यंत हा माणूस आयुष्यात फक्त पोलाद कारखान्याच्या भोंग्याला घाबरून पळाला होता. अंगावर घोंगडीसारखी लोकरी रुआना, डोक्यावर हॅट, आणि पायात विल्मारचे निळे बूट. दोन मापं मोठे.

रुबिएलाने बुटांकडे बोट केलं. मग म्हणाली, "अन्सेल्मोभाऊ, पहिला धडा. बूट स्वतःच्या मापाचे हवेत."

"हेच घालणार आहे."

"नखं काळी पडतील."

"पडू देत."

"मग गळतील."

"दहा आहेत," अन्सेल्मो म्हणाला.

यावर रुबिएलाकडे शिट्टी होती, पण ती तिने वाजवली नाही.

असं ठरलं की विल्मारच्या जागी, विल्मारच्या बुटांतून, अन्सेल्मो जूनमध्ये एकवीस किलोमीटर पळणार. आयोजकांनी नावाबद्दल काही म्हटलं नाही. आडनाव तेच होतं, आणि त्यांनाही गावातच राहायचं होतं.

पुढचे महिने त्याचं शिक्षण झालं, आणि आमची करमणूक. कुस्तोदियाबाईंनी विणलेले लोकरीचे मोजे घालून तो फिराविटोबापर्यंत आला आणि टाचेवर लिंबाएवढे फोड घेऊन दुधाच्या गाडीतून परतला. सुती बनियन घामाने भिजून छातीला घासते आणि पुरुषांना एरवी ज्याचं अस्तित्व आठवत नाही तिथे रक्त काढते, हे त्याला चर्चच्या पायऱ्यांवर कळलं, नेमकं लग्नाचं वऱ्हाड बाहेर पडताना. मग व्हॅसलीन आलं. कुठेकुठे लावायचं हे रुबिएलाने कवायतीच्या आवाजात, भर रस्त्यात सांगितलं.

खाण्याचे धडे त्याहून अवघड. भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं, हे आमच्या पिढीला पापासारखं वाटतं. केळीच्या पानासारख्या पानात गुंडाळलेली पेरूची वडी खिशात ठेवायची आणि चढाच्या आधी अर्धी तोंडात टाकायची; बाटलीत गुळाचं पाणी, त्यात लिंबू आणि चिमूटभर मीठ. अन्सेल्मोने एकदा वडीऐवजी इसाच्या चौकात ताज्या चीजवर गुळाचा पाक घातलेली मोठी वाटी संपवली आणि लगेच परतीला लागला. पुढचा अर्धा तास तो एका कांद्याच्या शेतात होता. शेतकरीण बांधावरून ओरडली, "अहो, माझा कांदा असाच चांगला येतो, तुमच्या मदतीची गरज नाही!"

अन्सेल्मोने शेतातूनच हॅट काढून तिची माफी मागितली. आमच्या बोयाका प्रांतात रीत सोडत नाहीत. आम्ही बायकोला अहो-जाहो करतो, कुत्र्यालाही करतो.

मेमधल्या एका रविवारी आम्ही दोघेच मागे राहिलो. इसाच्या कारंज्याच्या कठड्यावर बसून त्याने बूट काढला आणि आतली गादी बाहेर ओढली.

"कोंपाद्रे, हे बघा."

घामाने काळपट झालेली गादी. तिच्यावर पाय उमटलेला, टाच, बाहेरची कड, बोटं. बुटात रोज पळालं की आठवड्याभरात उमटतो तसा. पण त्या पायाच्या आत दुसरा, जरा आखूड पाय उमटायला लागला होता, आणि पहिल्याच्या कडा पुसत चालल्या होत्या.

"बाहेरचा त्याचा," अन्सेल्मो म्हणाला. "आतला माझा. मी दर रविवारी त्याच्यावर चालतोय."

मी वाकून त्या दोन्ही कडा बघितल्या.

"आता या गाद्या काढून ठेवतो. सरावाला दुसऱ्या घालीन. शर्यतीच्या दिवशी या परत बसवायच्या. एकवीस किलोमीटर न्यायचं त्याला, आणि मग कपाटात. तेवढ्यानं पुसणार नाही ना?"

"तेवढ्यानं नाही."

"त्याचं असं पाय लागलेलं दुसरं काही राहिलं नाही घरात. फरशी कुस्तोदिया रोज पुसते."

"त्यांना सांगितलंत हे?"

"तिला काय सांगू? त्याच्या खोलीचं दार उघडत नाही ती. जानेवारीपासून माझ्याशी मिठाचं आणि गॅसच्या सिलिंडरचं बोलते, बस्स."

त्याने गाद्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि घरी परसातल्या फळीवर, रंगाच्या डब्यांमागे ठेवल्या.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं छातीवर लावायचे नंबर आणायला गेलो. शनिवार होता. आमच्या वस्तीत शनिवारी दुपारी कुठल्याही गल्लीतून जा, बुटांचा वास येतो. म्हणजे साबणाचा. घराघरातल्या बायका परसातल्या दगडी हौदावर घरातले सगळे कापडी बूट आणून टाकतात, नाड्या काढतात, गाद्या काढतात, ब्रशने घासतात आणि तारेवर टांगतात. रविवारी मळक्या बुटांनी कुणी चर्चला गेलं तर गाव त्याच्याकडे बघत नाही, त्याच्या आईकडे बघतं. कुस्तोदियाबाईंचा ब्रश तर प्रसिद्ध होता. पण जानेवारीपासून तो कोरडा पडला होता.

आम्ही गल्लीत शिरलो आणि अन्सेल्मो थांबला. परसातून ब्रशचा आवाज येत होता.

आत गेलो. निळे बूट तारेवर नाचत होते. त्यांच्या शेजारी चिमट्याला लावलेल्या दोन गाद्या. पांढऱ्या. दुकानातल्यासारख्या पांढऱ्या. कुस्तोदियाबाई कोपरापर्यंत फेसात, आणि केस सुटलेले. त्यांचा असा जागा झालेला चेहरा मी कितीतरी महिन्यांत बघितला नव्हता.

"आलात? या कोंपाद्रे, तुम्हीच सांगा यांना काही!" त्या म्हणाल्या. "उद्या अख्खं गाव रस्त्यावर येणार, आणि हे माझ्या लेकाचे बूट असे घेऊन जाणार होते! डुकराने घातल्यासारखे! आणि गाद्या कुठं लपवलेल्या बघा, रंगाच्या डब्यांमागे. अहो, लाज वाटली तर धुवायच्या, लपवायच्या कशाला?"

अन्सेल्मो तारेजवळ गेला. त्याने एका गादीला बोट लावलं. उलटी केली. परत सुलटी केली.

"साबण दोनदा लावावा लागला," कुस्तोदियाबाई म्हणाल्या. मग जरा हळू, "सकाळी उठले, म्हटलं आज शनिवार आहे. त्याचे बूट मी दर शनिवारी धुवायची. पहिल्या पावलापासून. हात आपोआपच ब्रशकडे गेला हो."

मी अन्सेल्मोकडे बघितलं नाही. तारेवरच्या नाड्यांकडे बघितलं. त्याच्या घशातून एक शब्द निघाला असता तर या बाईच्या हातातला ब्रश पुन्हा कधी भिजला नसता, हे मला कळत होतं आणि त्यालाही.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "निघाले नाहीत का डाग नीट?"

"निघाले," अन्सेल्मो म्हणाला. "छान निघाले."

आणि तो आत गेला. मोरीचं दार लावलं आणि नळ सोडला. नळ बराच वेळ वाहत राहिला. "पाणी फुकट घालवू नका!" कुस्तोदियाबाई ओरडल्या. कितीतरी महिन्यांनी त्या घरात कुणी कुणावर ओरडलं होतं.

आमच्या थंडीत गादी एका दुपारीत वाळत नाही. सकाळी थांब्यावर रुबिएलाने वाकून त्याच्या बुटात बोट घातलं.

"ओल्या आहेत या! अन्सेल्मोभाऊ, चार महिने मी काय भिंतीला शिकवलं? सरावातल्या कोरड्या घाला."

"याच घालायच्यात."

"पाय सोलून निघतील तुमचे."

"बायकोने धुतल्यात," तो म्हणाला. यावर आमच्या गावात पुढे वाद नसतो.

बाकी त्याने सगळं रुबिएलाच्या शिकवणीप्रमाणे केलं. हळू सुटला, चढाआधी अर्धी वडी, पाण्याच्या टेबलागणिक दोन घोट. मी त्याच्या शेजारी होतो. फिराविटोबाच्या वळणाला त्याने डावा पाय वेगळा टाकायला सुरुवात केली, मग उजवा. मी एकदाच म्हटलं, "थांबायचं का?"

"कुणासाठी पळतोय तेच कळत नाही कोंपाद्रे," तो म्हणाला. "बुटात कुणीच नाही. नुसती ओल आहे."

पण थांबला नाही. परतीच्या वाटेवर, गावाच्या वेशीशी, कुस्तोदियाबाई गुळाच्या पाण्याचा थर्मास घेऊन उभ्या होत्या. शेजारणीला हाताने दाखवत होत्या. "ते बघा! त्या निळ्या बुटांतले! लांबून कसे चमकतायत बघा!" अन्सेल्मोने लंगडणं थांबवलं. त्यांना दिसेनासा होईपर्यंत तो सरळ पळाला. वळणापलीकडे गेल्यावर भिंतीला हात लावून उभा राहिला, तेव्हा त्याच्या तोंडातून आवाज आला. तो पाय दुखल्याचा नव्हता.

आमच्यामागे फक्त रुग्णवाहिका आणि एक कुत्रा आला. कुत्र्याला पदक मिळालं नाही.

घरी गेल्यावर कुस्तोदियाबाईंनी त्याचे पाय मिठाच्या कोमट पाण्यात ठेवले. मग बुटातल्या गाद्या ओढून काढल्या आणि उजेडात धरल्या. दोन्हींवर पाय उमटले होते, तांबूस, टाचेपासून बोटांपर्यंत, अगदी रेखीव. त्या बघत राहिल्या. मला वाटलं, आता विचारणार, आदल्या दिवशी धुतलं ते कुणाचं होतं. त्यांचे ओठ हललेही.

"रक्त आहे हो," त्या म्हणाल्या. "वाळलं तर निघायचं नाही. लगेच धुवायला हवं. धुऊ ना?"

अन्सेल्मोने टबातल्या पाण्याकडे बघितलं.

"धुवा."

त्या परसात गेल्या. नळ सुटला, मग ब्रश सुरू झाला, खर्र खर्र, आधी हळू आणि मग जोरात. अन्सेल्मो डोळे मिटून ऐकत बसला. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचं त्याने मनावर घेतलं नाही. ब्रश थांबला.

"कुस्तोदिया!" त्याने बसल्या जागेवरून हाक मारली. "उजवीची टाच राहिली असेल. अजून जरा घासा."

खर्र खर्र पुन्हा सुरू झालं.