इनेझचं सेकंड व्हायोलिन

रिटायर झाल्यावर लोक गुडघे सांभाळतात, मी व्हायोलिन शिकायला घेतलं. बोळिंजच्या आमच्या सोसायटीत त्यावर यथेच्छ चर्चा झाली. माझी बायको वसुंधरा पाहुण्यांना सांगायची की ह्यांनी वाजवायला घेतलं की आमच्या मजल्यावर मांजरसुद्धा फिरकत नाही. मी हट्टी आहे. कुणी हसलं की जास्त वाजवतो.

१९९८ साली विरारच्या एका रद्दीवाल्याकडे मला व्हायोलिनच्या नोटेशनचं जुनं पुस्तक मिळालं. खाकी कव्हर, आत पेन्सिलीच्या बारीक खुणा आणि पहिल्या पानावर 'इनेझ, गिरीज' एवढंच लिहिलेलं. त्यातला एक वॉल्ट्झ मी रोज घासला, पाठ केला, तरी त्यात काही जीव येईना. शेवटी क्लासच्या सरांनी सांगितलं की हा दोघांनी वाजवायचा तुकडा आहे. माझ्या हातात होतं ते सेकंड व्हायोलिन, म्हणजे साथ. मूळ चाल फर्स्टच्या पुस्तकात, आणि ते दुसऱ्या कुणाकडे तरी असणार.

मग मला चैन पडेना. पुस्तक कापडी पिशवीत घातलं आणि गिरीज गाठलं. चर्चबाहेर चौकशी केली तर इनेझ बऱ्याच निघाल्या, पण व्हायोलिनवाली म्हटल्यावर लोक हळू आवाजात बोलायला लागले. ती काही वर्षांपूर्वी वारली होती. तिचा नवरा पास्कल केळीच्या वाडीतल्या घरात एडवर्ड नावाच्या मुलाजवळ राहत होता. मला वाटलं, बायकोची वस्तू परत मिळाल्यावर म्हातारा हरखून जाईल आणि मला फर्स्टची झेरॉक्स काढू देईल.

मी व्हायोलिन शिकतो एवढं सांगायचा अवकाश, पास्कलने मला आत नेऊन खुर्चीवर बसवलं. मग तो आपणहूनच बोलत सुटला. दोघं लग्नाआधीपासून चर्चमध्ये एकत्र वाजवत होते. तो फर्स्ट, ती सेकंड. मी पिशवीत हात घालणार, तेवढ्यात तो म्हणाला, "तिचं पुस्तक तिच्याबरोबरच गेलं. शवपेटी बंद करायच्या आधी एडवर्डला सांगितलं होतं, आयच्या हाताशी ठेव म्हणून. माझं माझ्या पेटीत जाईल. मग वर पुन्हा बसू वाजवत."

मी हात बाहेर काढला आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो. इतकं अवघडल्यासारखं मला कधी झालं नव्हतं.

त्याने व्हायोलिन काढलं आणि तोच वॉल्ट्झ वाजवला. मी घासलेल्या साथीला कुठली चाल होती ते मला तेव्हा कळलं, आणि ती फार सुंदर होती. मध्येच तो थांबला. "इथे ती एकटी असते," म्हणाला, आणि व्हायोलिनचा बो खाली करून तिचं वाजवून होईपर्यंत वाट बघत उभा राहिला. मला ती जागा पाठ होती. माझी बोटं पिशवीवर आपोआप चालू लागली. पास्कलने एकदा माझ्या हाताकडे, मग पिशवीकडे पाहिलं, मग पुढची ओळ वाजवली. नंतर त्याने सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

निघालो तेव्हा एडवर्ड माझ्यामागे वाडीच्या फाटकापर्यंत आला. पिशवीतून डोकावणारं खाकी कव्हर त्याने ओळखलं होतं. तेव्हा तो दुबईत नोकरीला होता, आईच्या मयतीला धावत आला, झोप नाही, डोकं ठिकाणावर नाही, पुस्तक कपाटातच राहिलं. पेटी बंद झाल्यावर वडिलांनी विचारलं तेव्हा तो ठेवलं म्हणून मोकळा झाला. पुढे घराला रंग देताना कपाटातलं सगळं रद्दीत गेलं.

"पप्पांना सांगू नका, काका," तो म्हणाला. "ते तेवढ्यावरच जगतात."

मी पुस्तक त्याच्या हातात दिलं. वडिलांची वेळ येईल तेव्हा दोन्ही पुस्तकं त्यांच्या पेटीत ठेवीन, असं त्याने मला वचन दिलं. घरी येऊन मी वसुंधराला सगळं सांगितलं. त्या दिवशी तिने माझी थट्टा केली नाही.

दोन वर्षांनी एडवर्डचा फोन आला आणि आम्ही दोघं मयतीला गेलो. पास्कलला इनेझच्याच कबरीत ठेवलं. माती टाकून झाल्यावर लोक पांगले, तरी एडवर्ड भिंतीशी उभाच होता. मी जवळ गेलो आणि हळूच विचारलं. दोन्ही पुस्तकं ठेवली, म्हणाला.

"शेवटी पप्पांनीच जवळ बोलावून सांगितलं. म्हणाले, माझ्या पुस्तकाबरोबर त्या बोळिंजच्या काकांनी आणलेलं आयचंही ठेव. ह्या वेळी विसरू नको."

मी त्याचा हात धरला.

"सगळं माहीत होतं त्यांना," तो म्हणाला. "एकदा तरी रागवायचं होतं त्यांनी माझ्यावर."