घड्याळातले दहा

घरातलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे होतं, आणि ते पुढे असायला कारण होतं. सुदर्शनच्या कंपनीची बस बोपोडीच्या चौकात सकाळी सहा चाळीसला यायची. ड्रायव्हर असा, की माणूस दहा पावलांवर पळत येताना दिसला तरी गाडी पुढे काढायचा. सुदर्शन मनगटावर घड्याळ बांधत नसे, मशीनवर हाताला काही चालत नाही म्हणून. त्याच्या बायकोचं, अपेक्षाचं, लग्नातलं घड्याळ तीन वर्षांच्या लेकीनं, राजनंदिनीनं म्हणजे नंदूनं, पाण्याच्या पिंपात सोडलं होतं. तेव्हा दोन खोल्यांत वेळ सांगणारं काय ते एकच, मोराचं चित्र असलेलं, दारावर टांगलेलं. घड्याळात पावणेसात झाले की सुदर्शन चपला घालायचा आणि खऱ्या साडेसहाला बाहेर पडायचा.

घरात बोलणंही तसंच चालायचं.

"किती वाजले?"

"साडेसात."

"घरातले की खरे?"

सुदर्शनची आई, सुशीलाबाई, मात्र असला प्रश्न कधी विचारायच्या नाहीत. त्यांच्यासाठी घरातले तेच खरे.

दोन हजार सालचा पावसाळा संपत आला होता. त्या वर्षी पुण्यात ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकायचा होता, आणि अपेक्षालाही शिकायचा होता. पुसदच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन ती लग्नानंतर इथं आली, आणि चार वर्षं गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेत राहिली. सातचा पाढा म्हणता म्हणता आपण सत्तरीच्या होऊ, अशी भीती तिला एका संध्याकाळी वाटली आणि मग ती जाईना. बुधवार पेठेत रेडिओ-टेपच्या दुकानांवरच्या मजल्यावर एक क्लास होता. सकाळी आठ ते नऊ. तीन महिने शिकायचं, मग क्लासच हिंजवडीच्या कंपन्यांत परीक्षेला पाठवणार.

"शिकवण्या घेतेस तेवढ्या पुरेत की," सुशीलाबाई म्हणाल्या. "लोकांच्या पोरांना शिकवायला येतं, मग तुझं काय शिकायचं राहिलं?"

"आई, हे वेगळं आहे."

"वेगळंच असणार. आमच्या वेळी नव्हतं ना." आणि मग, सुदर्शन जेवताना वर बघतोय हे पाहून, "बघीन मी पोट्टीला. घड्याळात दहा होईपर्यंत. दहाला माझा पाय उंबऱ्याबाहेर. ललिताबाईच्या गच्चीवर कुणी माझी वाट बघत नाही."

ललिताबाईंचा पापडाचा उद्योग होता. शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दहा-बारा बायका बसायच्या. सुशीलाबाईंची जागा वजनकाट्यावर होती, पत्र्याच्या सावलीत. बाकीच्या लाटायच्या, नाहीतर उन्हात पापड पालथे करायच्या. काटा सुशीलाबाईंनी सहा वर्षं सांभाळला होता.

घड्याळातले दहा म्हणजे खरे पावणेदहा. नऊला क्लास सुटायचा, पीएमटीला चाळीस मिनिटं लागायची. बस लगेच मिळाली आणि पुढे कुठं अडकली नाही तर अपेक्षा कशीबशी पोचायची. पहिल्या महिन्यात रोज ती चौकापासून धावत यायची, आणि सुशीलाबाई पिशवी खांद्याला लावून दारात उभ्या असायच्या. घड्याळाकडे बघायच्या, मग तिच्याकडे, मग जिन्याकडे.

एक दिवस संचेती हॉस्पिटलपाशी बस बंद पडली. अपेक्षा पोचली तेव्हा दाराला बाहेरून कडी होती. खिडकीच्या गजांतून दोन छोटे हात कोपरापर्यंत बाहेर आलेले. नंदूचा रडून रडून आवाज बसला होता, नुसतं तोंड उघडत होतं. स्टोव्ह, काड्यापेटी, विळी, सगळं त्या खोलीत होतं. अपेक्षानं पोरीला उचललं आणि एकेक बोट तपासलं. काही झालेलं नव्हतं. तरी तिनं ती परत पहिल्यापासून तपासली.

"आई, कोंडून गेलात तुम्ही तिला?"

"मी सांगून गेले. कडी कशासाठी लावली, पळून जाईल म्हणून ना? दहा म्हणजे दहा."

सुदर्शन म्हणाला, "दोघींनी बघा बाबा काहीतरी." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

अपेक्षानं बघितलं. दुसऱ्या दिवशी सुदर्शन गेला, सुशीलाबाई अंघोळीला गेल्या, तिनं स्टूल दाराखाली ओढलं, घड्याळ उतरवलं, मागची चाकी फिरवून काटा पंधरा मिनिटं मागे घेतला. आता घड्याळातले दहा म्हणजे खरे दहा. रात्री सगळे निजायच्या तयारीत असताना तिनं काटा परत पंधरा मिनिटं पुढे सारला, सुदर्शनच्या बससाठी. स्टूल होतं तिथं, कोपऱ्यात, एक पाय तडकलेल्या फरशीवर येईल असं ठेवून दिलं. तिच्या नजरेतून काही सुटत नसे, तेव्हा दुसऱ्याच्या नजरेत काय येऊ नये हेही तिला कळत होतं.

रोज सकाळी मागे, रोज रात्री पुढे. दोन महिने. त्या पंधरा मिनिटांत ती चौकापासून चालत येऊ शकायची, दम न लागता. सुशीलाबाई दारात तशाच उभ्या असायच्या, पण घड्याळात दहाला पाच कमी असायचे आणि त्यांना बोलायला जागा नसायची. एकदाच घोटाळा झाला. नंदूला ताप होता, रात्री काटा पुढे सारायचा राहिला, आणि सुदर्शनची बस चुकली. कंपनीत साहेबानं सगळ्यांसमोर झापलं. संध्याकाळी त्यानं घड्याळाला नवा सेल आणला.

"सेल उतरला असेल," तो म्हणाला.

"हो, उतरलाच असेल," सुशीलाबाई म्हणाल्या, आणि अपेक्षाकडे न बघता तांदूळ निवडत राहिल्या. तेवढ्यानं अपेक्षाला रात्रभर झोप आली नाही. पण सकाळी तिनं काटा मागे घेतलाच.

मग परीक्षेचा दिवस ठरला. हिंजवडीच्या एका कंपनीनं क्लासमधल्या तीस जणांना बोलावलं. कंपनीचीच बस येणार होती, बोपोडीच्या चौकात पावणेआठला. चुकली तर दुसरी सोय नाही, तिकडे जाणारी पीएमटी तासाला एक. आणि क्लासचे बद्रीनाथ सर स्पष्ट म्हणाले होते, ही कंपनी यंदा परत येणार नाही.

आदल्या रात्री सुदर्शन आईला म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत नंदूला ठेव."

"बघू," सुशीलाबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्या गच्चीवरून आल्यापासून खिडकीतच बसून होत्या. नाकाचा शेंडा उन्हानं लाल झाला होता. अपेक्षाच्या ते लक्षात आलं, पण डोक्यात उद्याचे प्रश्न होते. नुसतं लक्षात आलं, पुढे काही झालं नाही.

सकाळी सुदर्शन गेला. अपेक्षानं काटा मागे घेतला, स्टूल जागेवर ठेवलं, कणीक मळली. मग अंघोळीला गेली. बाहेर आली तेव्हा घड्याळात सात वाजून दहा. म्हणजे अजून वीस मिनिटं हाताशी. टीव्ही लावला असता तर वेळ कळली असती, पण नंदू उठली असती. तिनं नंदूचा डबा भरला, दुधावर झाकण ठेवलं, रिकामं झालेलं पिंप भरून घ्यावं म्हणून नळाखाली बादली लावली. अर्धी बादली झाली, नळ फुसफुसला, दोनदा ठसकला आणि बंद झाला.

अपेक्षा बादलीकडे बघत राहिली. बोपोडीत पाणी साडेसातला जायचं. उन्हाळा असो, पावसाळा असो, खडकवासला धरण काठोकाठ भरलेलं असो, साडेसात. तिनं घड्याळ बघितलं. सव्वासात.

कधी कधी लवकर जातंही पाणी, असं तिनं स्वतःला सांगून बघितलं. मग तिची नजर कोपऱ्यात गेली. स्टुलाचा पाय तडकलेल्या फरशीवर नव्हता. शेजारच्या फरशीवर होता.

सुशीलाबाई खिडकीत बसून चहा पीत होत्या. बशीत ओतून, सावकाश.

"आई, घड्याळाला हात लावलात?"

"मी?" त्यांनी बशी फुंकली. "मला कुठं येतं सूनबाई चाकी फिरवायला? बी.एस्सी.ला शिकवतात ना ते."

"पाणी गेलं. साडेसात झालेत. माझी बस आहे."

"अगं, मग बसतेस काय इथं? धाव." आणि बशी खाली ठेवून, पहिल्यांदाच सरळ तिच्या डोळ्यांत बघत, "दोन महिने बघतेय. पहिल्या दिवसापासून. तू पंधरा घेतलीस, मी पंधरा घेतली. फिटंफाट."

"तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

"काहून बोलू? घड्याळात दहा असं मीच म्हटलं होतं. घड्याळ दहा दाखवेपर्यंत मी हलले नाही. गच्चीवर रोज पंधरा मिनिटं उशिरा. ललिता म्हणायची, आल्या महाराणी. काल वजनकाटा दुसऱ्या बाईला दिला. मला म्हणाली, सुशीलाबाई, तुम्ही उन्हात बसा, पापड पालथे करा." त्यांनी नाकाच्या शेंड्याला हात लावला. "सहा वर्षं सावलीत होते मी."

"मग पावणेदहालाच निघायचं होतं तुम्ही. कडी लावून. सवय आहे की."

हे बोलल्यावर आपण काय बोललो ते अपेक्षाला कळलं, पण परत घेतलं नाही. सुशीलाबाईंचं तोंड आवळलं.

"पोट्टीला परत कोंडायचं नव्हतं," त्या म्हणाल्या. "म्हणून थांबत होते. तुझ्यासाठी नाही थांबले, गैरसमज नको."

"मला सांगायचं होतं."

"तू मागायचं होतंस. पंधरा मिनिटं द्या आई, असं."

"दिली असतीत?"

"नाही."

निदान खोटं बोलल्या नाहीत. अपेक्षानं स्टूल ओढलं, घड्याळ उतरवलं, काटा सात बत्तीसवर आणला आणि घड्याळ सुशीलाबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"हे खरं. मी दोनपर्यंत येईन. दहाला जायचं तर जा, मी नाही म्हणत नाही. पण तिला आत ठेवून गेलात, तर मी या घरात परत कुणाला आई म्हणणार नाही."

नंदू अंथरुणात उताणी झोपली होती, एक पाय पांघरुणाबाहेर. अपेक्षानं तो आत घेतला नाही. घेतला असता तर ती गेली नसती.

ओले केस पाठीवर, चपलेचा बंद तुटायच्या बेतात, अशी ती चौकात पोचली तेव्हा बसचं इंजिन सुरू होतं. बद्रीनाथ सर दाराच्या पायरीवर यादी घेऊन उभे होते.

"काय हे मॅडम, घरात घड्याळ नाही का?"

"आहे ना सर," ती चढता चढता म्हणाली. "एक आहे. आम्ही दोघी आहोत."

सर हसले. तिला हसू आलं नाही. बस वाकडवरून वळली, उसाची शेतं आणि त्यांच्यात मध्येच उभी राहिलेली काचेची इमारत दिसली, आणि तिच्या डोळ्यांसमोर खिडकीच्या गजांतले हात येत राहिले. परीक्षेच्या हॉलमध्ये भिंतीवर घड्याळ होतं. दहा वाजले तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं. पूर्ण एक मिनिट ती त्या काट्याकडे बघत बसली. मग शेजारच्या मुलानं पान उलटल्याचा आवाज आला आणि तिनं पेन उचललं. उचललं ते रागानं, आणि उरलेले सगळे प्रश्न त्या रागानंच सोडवले.

एक वाजता यादी लागली. तीसपैकी अकरा नावं, त्यात तिचं नववं. पुढची मुलाखत येत्या गुरुवारी, सकाळी आठ. पोरं एकमेकांच्या पाठी थोपटत होती. ती बसमध्ये जाऊन बसली आणि बस कधी निघते याची वाट बघत राहिली.

दाराला बाहेरून कडी होती.

ती खिडकीपाशी गेली. गजांत हात नव्हते. आत अंथरूण गुंडाळलेलं, दुधाचं भांडं घासून पालथं घातलेलं. तिनं नंदूला हाक मारली, आणि उत्तर आलं नाही. जिन्याच्या पायऱ्या तिनं कशा उतरल्या आणि शेजारच्या बिल्डिंगच्या चार मजल्यांच्या कशा चढल्या ते तिला आठवत नाही.

गच्चीवर ऊन रखरखत होतं. पत्र्याच्या सावलीत काट्यावर दुसरीच बाई. उन्हात, चटईच्या टोकाला सुशीलाबाई, डोक्यावर पदर ओढून, पापड पालथे करत. आणि त्यांच्या सावलीत, तेवढ्याच जागेत, नंदू. नाकाला पीठ, हातात पिठाचा गोळा.

"दहाला माझा पाय बाहेर," सुशीलाबाई वर न बघता म्हणाल्या. "तिचाही."

अपेक्षाला वाटलं, आता आपण रडू. पण ललिताबाई आणि दहा बायका बघत होत्या. तिनं नंदूला उचललं, बोटं बघितली. पिठाशिवाय काही नव्हतं.

"निवड झाली," ती म्हणाली.

"मी विचारलं का?"

"नाही. गुरुवारी मुलाखत आहे. सकाळी सात ते दुपारी दोन. मला हवेत."

सुशीलाबाईंनी एक पापड उलटला, मग दुसरा. "घड्याळ कपाटात आहे," त्या म्हणाल्या. "चावी माझ्या कमरेला. सुदर्शनला बस धरायची असेल तर मी उठवीन."

"मी घड्याळ नाही मागितलं. तास मागितले."

हात थांबला. त्यांनी आता वर तिच्याकडे बघितलं, तिच्या वाळून चिकटलेल्या केसांकडे, तुटक्या चपलेकडे. मग चटईवरची अर्धी जागा पायानं मोकळी केली. मायेनं नव्हे, पाट सरकवावा तशी.

"दोन महिने, रोज पंधरा मिनिटं," त्या म्हणाल्या. "किती होतात ते तूच कर, तुला कॉम्प्युटर येतो. आणि ते फेडायला इथं बस. पापड दोन्ही बाजूंनी वाळायला हवेत."

"आणि गुरुवार?"

"आधी बस."

अपेक्षानं पदर डोक्यावर घेतला, नंदूला दोघींच्या मध्ये बसवलं आणि पहिला पापड उलटला. तो मधोमध मोडला. सुशीलाबाईंनी तो उचलला आणि, मोडला कुणी ते ललिताबाईंना दिसेल असा, अपेक्षाच्या बाजूला ठेवला.